थोरल्याचं दुखणं

थोरल्या भावाचं औषध आणायला धाकटा गेला, तर त्यात कुणाला काही वावगं वाटणार नाही. पण थोरल्याचं दुखणंच आपलं म्हणून डॉक्टरपुढे मांडायला धाकट्याने जावं, हे ऐकलं तर कुणीही कपाळावर हात मारून घेईल. या दोघा भावांनी तेच केलं, आणि करताना त्यांना ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

दोघं लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. थोरला वर मशीन रूममध्ये, धाकटा खाली खड्ड्यात नाहीतर लिफ्टच्या टपावर, आणि मधे सगळ्या मजल्यांची अंधारी पोकळी. या कामात एकाने काही गृहीत धरलं की दुसऱ्याचा चेंदामेंदा ठरलेला. म्हणून थोरल्याने सुरुवातीलाच नियम घालून दिला होता. वरून "सोडू का?" असं विचारायचं, आणि खालून "सोड" असा शब्द आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. खोकला चालणार नाही, शिट्टी चालणार नाही. एकदा धाकट्याने नुसतं "हं" म्हटलं, तर थोरला अख्खा जिना उतरून खाली आला आणि त्याने कानाखाली आवाज काढला. "हं म्हणजे काय? तोंड शिवलंय का तुझं?"

कामात असा काटेकोर माणूस, पण स्वतःच्या एका गोष्टीबाबत त्याची दातखीळ बसलेली. ती सुटली एकदाची, गच्चीवर, चहा पिताना. हत्यारांच्या पेटीवर बसून, भलतीकडे बघत तो म्हणाला, "माझं हल्ली ते होत नाही."

"काय होत नाही?"

"अरे, ते."

धाकट्याला वाटलं, पोट साफ होत नाही. तो म्हणाला, "मग सकाळी कोमट पाणी घेत जा की."

"गाढवा, तुझ्या वहिनीजवळ."

धाकट्याने चहाचा पेला खाली ठेवला. थोरला मात्र आता बोलतच सुटला. दोन वर्षं असंच चाललं होतं. घोरण्याचं निमित्त करून तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला होता. वहिनी आधी रुसल्या, मग चिडल्या, आता गप्प झाल्या होत्या. "तिला वाटतं, मी बाहेर शेण खातोय," थोरला म्हणाला. "जेवायला वाढते आणि उठून जाते. घरात दोन भाडेकरू राहतात तसे राहतोय आम्ही."

"डॉक्टरकडे जा ना मग."

"तू जा."

"मी? मला काय झालंय?"

"माझी पन्नाशी आली, मुलगी कॉलेजात आहे. मी त्या दवाखान्याच्या बाकावर बसू? तू तरुण आहेस, तुझं खपून जाईल. जे माझं आहे ते तुझं म्हणून सांग, आणि काय देईल ते घेऊन ये."

आता इथे धाकट्याने नाही म्हणायला हवं होतं. पण बाप गेल्यावर याच भावाने त्याला हाताखाली घेतलं होतं, हाताला काम दिलं होतं, लग्न लावून दिलं होतं. त्याला नाही म्हणण्याची सवयच धाकट्याला नव्हती.

दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. पाटीवर "पुरुषांचे आजार" असं ठसठशीत लिहिलेलं, त्यामुळे धाकटा आधी समोरच्या चपलांच्या दुकानात शिरला आणि रस्ता मोकळा झाल्यावर पळत आत गेला. डॉक्टर म्हातारा, टकला, आवाज असा की शेजारच्या खोलीत ऐकू जावा.

"बोला."

"ते होत नाही."

"ते नावाचा अवयव मी कॉलेजात शिकलो नाही. लिंग म्हणा. लिंगाला ताठरता येत नाही, असं म्हणा. म्हटल्याने छत कोसळत नाही."

धाकट्याने पंख्याकडे बघत ते शब्द म्हटले. छत जागेवर राहिलं.

"शाबास. आणि ते नामर्द, नपुंसक वगैरे डोक्यातून काढून टाका. त्या शिव्या आहेत, आजार नव्हेत. ताठरता म्हणजे शेवटी रक्ताचा मामला. रक्त आत यायला हवं आणि टिकायला हवं. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक असतात, म्हणून चोंदतात त्या आधी. हृदयाच्या वाहिन्यांचा नंबर पुष्कळदा त्यांच्या मागून लागतो. म्हणून हे दुखणं घेऊन कुणी आला की मी आधी त्याची छाती बघतो. शर्ट काढा."

मग प्रश्न सुरू झाले. इच्छा होते का? पहाटे आपोआप ताठरता येते का? वीर्यपतन लवकर होतं का? यांची उत्तरं धाकट्याने थोरल्याला स्मरून, अंदाजपंचे दिली. नंतर डॉक्टरने छातीला नळी लावली आणि विचारलं, छातीत कधी दुखतं का? जिना चढताना धाप लागते का? छाती तर धाकट्याचीच होती. "छे, रोज चढतो की," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

हे म्हणताना त्याला थोरला आठवला नाही असं नाही. अलीकडे थोरला जिना चढताना मधेच थांबायचा, लिफ्टच्या दाराचे स्क्रू तपासल्यासारखं करायचा, आणि मग पुढे निघायचा. धाकट्याच्या ते ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं तर सगळंच बिंग फुटणार, म्हणून त्याने ते गिळलं. असं अर्धं दुखणं थोरल्याचं आणि अर्धं शरीर धाकट्याचं घेऊन डॉक्टरने एक रोगी जुळवला, आणि तो रोगी ठणठणीत निघाला.

"रक्तदाब उत्तम, साखर उत्तम. कामाचा ताण असेल," डॉक्टर म्हणाला. "ही गोळी, तासभर आधी घ्यायची. आता नीट ऐका. छातीत दुखायला लागलं आणि कुणी जिभेखाली गोळी किंवा फवारा द्यायला आलं, तर आधी सांगायचं की मी ही गोळी घेतली आहे. दोन्ही एकत्र पडली तर रक्तदाब असा खाली जातो की वर आणणं कठीण. समजलं? आणि पुढच्या वेळी पत्नीला घेऊन या."

पुढच्या वेळी कुणाच्या पत्नीला आणायचं, हा प्रश्न डोक्यात घेऊन धाकटा तिथून सटकला.

निरोप मात्र त्याने चोख पोचवला. मशीन रूमचं दार लावून घेऊन छातीचं, जिभेखालच्या फवाऱ्याचं, सगळं सांगितलं. "दादा, एकदा तू स्वतः दाखवून घे," असंही म्हणाला.

"माझ्या छातीला काय धाड भरलीय? डॉक्टरने तपासलं ना? सगळं ठीक आहे म्हणाला ना?"

"मला म्हणाला."

"मग? एकाच आईच्या पोटचे आपण." असं म्हणून थोरल्याने गोळ्या खिशात टाकल्या. वर धाकट्याला शपथ घातली. "माझ्या गळ्याची शपथ आहे, तुझ्या वहिनीला यातलं अक्षर कळता कामा नये."

गोळी लागू पडली. थोरल्याचं अंथरूण आतल्या खोलीत गेलं. वहिनींचा चेहरा उजळला. डबा भरताना त्या गुणगुणायला लागल्या, आणि धाकट्याला काहीबाही जास्तीचं बांधून द्यायला लागल्या. थोरला कामावर शीळ घालायचा, खोकल्यालासुद्धा परवानगी नसलेल्या त्या मशीन रूममध्ये! "ती हसते रे आता," एकदा तो म्हणाला. "तिला वाटतं मी परत आलो. गोळीच्या कुबड्या घेऊन आलोय हे कळलं, तर पुन्हा मिटेल ती." आपण फार मोठं काम केलं, असं धाकट्याला वाटलं.

मग एका रविवारी भर दुपारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, लवकर या. यांना कसंतरी होतंय."

थोरला पलंगाच्या कडेला बसला होता. घामाने निथळत होता. एक हात छातीवर, आणि शर्टाची बटणं चुकीच्या काजांत अडकवलेली. वहिनींनी घाईघाईत लावली असावीत. दोघांनी त्याला गाडीत घातलं.

इस्पितळात डॉक्टरीण अगदी तरुण होती, पण हात झपाझप चालत होते. छातीला तारा लावल्या, कागद निघाला, तो बघून तिच्या कपाळावर आठी पडली. "हृदयविकाराचा झटका आहे. गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"कुठल्याच नाहीत," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरिणीने आवाज खाली आणला. "हे मी सगळ्याच पुरुषांच्या बाबतीत विचारते. लैंगिक ताठरतेसाठी काही गोळी घेतली आहे का? आज, काल? लाजू नका, यावर पुढचं औषध ठरतं."

थोरल्याने मान हलवली. नाही. मग त्याने डोळे वळवून धाकट्याकडे पाहिलं. त्या नजरेत दुखण्यापेक्षा शपथच जास्त होती.

डॉक्टरिणीने वहिनींकडे पाहिलं. वहिनी खाली बघत होत्या. तिने धाकट्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही माहिती आहे?"

सगळं माहीत होतं त्याला. शब्दसुद्धा माहीत होते, म्हाताऱ्या डॉक्टरने घोकून घेतले होते. पण खांद्याला खांदा लावून वहिनी उभ्या होत्या, आणि वहिनींसमोर आजवर त्याने कधी साधी शिवीही तोंडातून काढली नव्हती. त्याने मनाची समजूत घातली, भर दुपारी कोण घेतं असली गोळी? आज घेतलीच नसेल. खाली माणूस आहे की नाही हे न बघता बटण दाबणाऱ्याची समजूत अशीच असते. हे त्याच्याइतकं कुणाला कळायला हवं होतं?

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

डॉक्टरिणीने थोरल्याच्या जिभेखाली फवारा मारला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. थोरल्याने डोळे मिटले, आणि धाकट्याचा जीव भांड्यात पडला. मग थोरल्याचा चेहरा राखेसारखा झाला. मान कलली. उशाशी ठेवलेल्या यंत्रावरचे आकडे उतरायला लागले, आणि उतरतच राहिले.

"गोळी घेतलीय त्याने!" धाकटा ओरडला. "लिंगाला ताठरता येत नाही म्हणून गोळी घेतो तो! मीच आणून दिली! ऐका हो, गोळी घेतलीय!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. शब्द अगदी स्वच्छ उच्चारले होते त्याने, एकही गाळला नव्हता. डॉक्टरिणीने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. ती नजर तो जन्मात विसरणार नाही. मग पडदा ओढला गेला. आत पळापळ झाली, सलाईन मागवलं, पाय वर घ्या असं कुणी ओरडलं, छाती दाबल्याचे आवाज आले. नंतर तेही थांबले.

डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा तिचे केस कपाळाला चिकटले होते. "झटका मोठा होता," ती म्हणाली. "आधी कळलं असतं तर वाचलेच असते, असं मी म्हणत नाही. पण ते औषध मी दिलं नसतं." असं म्हणून ती आत गेली. तिचा त्यात काही दोष नव्हता, आणि नसूनही ती तो घेऊन गेली.

बाकावर दोघंच उरली. धाकट्याने वहिनींचे पाय धरले. "वहिनी, मी मारलं त्याला. मला माहीत होतं. शपथ घातली होती हो त्याने."

वहिनींनी पाय सोडवून घेतले नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "मलाही माहीत होतं."

धाकट्याने मान वर केली.

"धुण्याच्या कपड्यांत पाकीट सापडलं होतं. पहिल्याच आठवड्यात. आज दुपारी त्यांना गोळी मिळत नव्हती, कपाट धुंडाळत होते. मीच ती पलंगाखालून उचलून त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवली आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. त्यात असलं विष असतं हे मला कुठे ठाऊक? त्या पोरीने विचारलं तेव्हा बोलणार होते. पण तुम्ही शेजारी उभे होतात, भाऊजी. धाकट्या भावासमोर त्यांची लाज कशी काढू?"

"तुम्हाला सांगितलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही हसायला लागला होतात, वहिनी. कळलं तर ते हसू जाईल, म्हणून भीत होता तो."

"मी काय गोळीमुळे हसत होते?" वहिनी म्हणाल्या. "नुसते आतल्या खोलीत येऊन निजले असते, तरी हसले असते."