गवताला टेकलेला चेंडू

असत्य बोलणे हे पाप खरेच. परंतु ज्याने विश्वासाने विचारले, त्याच्याच डोळ्यांत पाहून ते बोलणे अधिक जड. मिशिगनमधील एका लहानशा गावी, १९८३च्या ऑगस्टात, पुरुषोत्तम दांडेकरांनी ते ओझे आपल्या हाताने उचलून घेतले.

ते स्प्रिंगांच्या कारखान्यात इंजिनियर होते व कारखान्याच्या बेसबॉल संघात मैदानाच्या पार टोकाला उभे राहत. त्या रविवारी समोर ओतशाळेचा संघ होता. ओतशाळेला येत्या शनिवारी कायमचे कुलूप लागणार होते; तेव्हा हा त्यांचा अखेरचाच सामना. शेवटच्या डावात एडी नोव्हाक या पन्नाशीच्या ओतकामगाराने चेंडू दूर टोलवला. पुरुषोत्तम धावले, वाकले. चेंडू आधी गवताला टेकला, मग हातमोज्यात शिरला. लांबवरच्या पंचाने एडीला बाद दिले आणि सामना संपला.

झेलाची खरी साक्ष झेलणाऱ्याने द्यावी, हे नागपूरच्या मैदानावर वडिलांनी क्रिकेट शिकवताना मनावर बिंबवले होते. इथे तसे कोणी विचारीत नसे. एडीने मात्र विचारले.

"पुरू, पंच गेला खड्ड्यात. तू सांग, झेललास ना?"

भोवती सहकारी पाठ थोपटत होते. संघात आल्यापासून दोन वर्षांत प्रथमच.

"झेलला," पुरुषोत्तम म्हणाले.

घरी पान तसेच राहिले. पत्नीने, पद्मजाबाईंनी, सारे ऐकून घेतले. "मला काय सांगता? ज्याला खोटं सांगितलंत, त्याला जाऊन सांगा."

तरी पाय उचलायला शनिवार उजाडला. ओतशाळेच्या फाटकातून एडी डब्याची पेटी घेऊन बाहेर पडत होता. पुरुषोत्तमांची मान वर होईना.

"एडी, चेंडू जमिनीला लागला होता."

"ठाऊक आहे. तुझ्या मोज्यात गवत अडकलं होतं. म्हणून तर विचारलं."

पुरुषोत्तमांना वाटले, याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरे झाले असते.

"मी पंचांना पत्र लिहितो."

"पंचाचं काय लोणचं घालायचंय? आमची हेलन आठवडाभर म्हणतेय, म्हातारा झालास, चेंडू लांब जात नाही, म्हणून झेलला गेला. तिला सांग."

पुरुषोत्तम त्याच्यासोबत चालत गेले. दार हेलननेच उघडले. पायरीवर उभे राहून त्यांनी तेच वाक्य पुन्हा उच्चारले. दुसऱ्यांदा ते अधिकच जड गेले. तिने नवऱ्याकडे पाहिले, त्याच्या हातची पेटी घेतली आणि पाहुण्यासाठी खुर्ची ओढली.

ज्याला सत्याशी पोहोचायला सहा दिवस लागले त्याचे, आणि ज्यांनी त्याला तरीही बसायला सांगितले त्यांचे, कल्याण असो.