इन केस म्हणजे आधी

"सिस्टर, रक्त आत्ताच आणायला हवं," मावशी म्हणाली.

नव्या सिस्टरनं चिठ्ठी तिच्यासमोर धरली. "डॉक्टरीणबाईंनी काय लिहिलंय? दोन पिशव्या आणा, इन केस ब्लीडिंग झालं. म्हणजे झालं तर. अजून कुठं झालंय?"

"तसं असतं तर नुसतं 'इफ' लिहिलं असतं. 'इन केस' म्हणजे होवो न होवो, आधी आणून ठेवायचं."

"ऐका, प्रोफेसर बोलल्या!" कुणीतरी म्हणालं आणि प्रसूतिकक्षात हशा पिकला.

मावशी पंचवीस वर्षं तिथल्या लाद्या पुसत होती, बाळंतिणींना हात देऊन उठवत होती. पन्नाशी उलटल्यावर तिनं इंग्रजीचं पुस्तक हाती धरलं. आता या वयात कशाला, असं लेकीनं विचारलं, तर म्हणाली, "जन्मभर चिठ्ठ्या पोचवल्या. काय पोचवलं ते कळू तरी दे." औषधाच्या खोक्यांवरचे शब्द उतरवून ती औषधवाल्याचं डोकं खायची.

रक्तपेढी गावाच्या दुसऱ्या टोकाला. जाऊन, नमुना जुळवून परतायला दीड तास. डॉक्टरीणबाई दुसऱ्या शस्त्रक्रियेत. तिथलं दार ठोठावायची कुणाची छाती नव्हती.

"मागणीच्या कागदावर सही तेवढी करा," मावशी म्हणाली. "पायपीट माझी. रक्त लागलं नाही तर बोलणीही मीच खाईन."

कटकट नको म्हणून सिस्टरनं सही केली.

मावशी परतली तेव्हा बाळ टाहो फोडत होतं आणि त्याची आई पांढरीफटक पडली होती. "रक्त कुठंय?" डॉक्टरीणबाई ओरडल्या. मावशीनं धापा टाकत पेटी पुढं केली.

दोन्ही पिशव्या लागल्या. दुपारी बाळंतिणीनं डोळे उघडून पाणी मागितलं.

"शाब्बास सिस्टर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेवर मागवलंत."

मावशी रिकामी पेटी उचलायला वळली. सिस्टरचा चेहरा मात्र उतरला. "मी नाही, बाई. मी थांबणार होते. मला अर्थच उलटा लागला. मावशींनी हट्ट धरला."

डॉक्टरीणबाई मावशीकडे बघतच राहिल्या. "यापुढं साध्या भाषेत लिहीन."

"नका हो बाई," मावशी म्हणाली. "आत्ता कुठं कळायला लागलंय."

मग ती रक्तानं भिजलेली चादर गोळा करायला वाकली. सिस्टरनं पेन खिशात ठेवलं आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.