ह्यांच्या टॅबवरच्या जाहिराती

शब्दकोड्याच्या खाली अंत्यविधीची जाहिरात आली, त्या सकाळी माझ्या हातातला चहा सांडला.

जाहिरात म्हणजे काय, हिरवळ, फुलं, एक गोरं म्हातारं जोडपं दात दाखवत हसतंय आणि खाली इंग्रजीत लिहिलंय, नियोजन आजच करा, कुटुंबावरचा भार हलका करा. इंग्रजी मला फाडफाड बोलता येत नाही, पण वाचता येतं. शेजारीच दुसरी चौकट होती. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर नवीन औषधाची चाचणी, आजच नाव नोंदवा. आणि टॅब कुणाचा? ह्यांचा! माझ्या नवऱ्याचा. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि फक्त ह्यांनाच सांगितलं नव्हतं की तुम्हाला कॅन्सर आहे.

हे तेव्हा अंघोळीला गेले होते, म्हणून निभावलं. मी टॅब पदराखाली घेतला आणि चोरासारखी स्वयंपाकघरात गेले.

सांगते नीट. आम्ही अमरावतीचे. हे वीज मंडळातून रिटायर झाले आणि मुलानं, विवेकनं, आम्हाला ग्रीन कार्ड काढून इकडे अमेरिकेत पार्सिपनीला आणलं. उन्हाळ्यात ह्यांचं पोट दुखायला लागलं, वजन उतरायला लागलं. तपासण्या झाल्या. इथल्या डॉक्टरीणबाई फार सरळ. फोनवर हिंदीची दुभाषी लावून त्यांनी ह्यांनाच विचारलं, तुम्हाला सगळं सांगू का? तर हे हसून म्हणाले, "टेल माय सन. ही इज द बॉस नाऊ." आणि उठून बाहेर खुर्चीवर जाऊन बसले. आमच्याकडे असंच असतं. माझे सासरे याच दुखण्यानं गेले, त्यांनाही शेवटपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. नाव कळलं की माणूस हाय खातो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

आत डॉक्टरीणबाईंनी विवेकला सांगितलं, पसरलाय, ऑपरेशन होणार नाही, पुढचा उन्हाळा दिसेल असं वाटत नाही. विवेक माझा हात धरून म्हणाला, "आई, बाबांना कळू द्यायचं नाही." मी म्हटलं, "अर्थात नाही. मी आहे ना!" आणि ह्यांना सांगितलं की स्वादुपिंडाला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल. ज्या इमारतीवर कॅन्सरची पाटी होती, तिथे विवेक ह्यांना पुढच्या दारानं कधी नेत नसे. खालच्या पार्किंगमधून लिफ्टनं थेट वर. एवढी काळजी घेत होतो आम्ही, आणि इथे हा मेला टॅब रोज सकाळी ह्यांच्या मांडीवर बसून दवंडी पिटत होता.

इला, माझी सून, घरून काम करते मंगळवारी, म्हणून बरं. तिचं कामच हे आहे. कुठलीही वेबसाइट उघडली की खालून एक पट्टी वर येते ना, कुकीज स्वीकारा म्हणून, ती पट्टी लोकांच्या साइटवर बसवून देते ती. मी तिच्यापुढे टॅब आदळला. "हे काय आहे?"

तिनं बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "आई, हे विवेकमुळे झालंय. तो सोफ्यावर बसून यावरच सगळं शोधत होता. टॅबला अकाउंटही त्याचंच आहे."

"मग त्यानं शोधलं ते ह्यांना कशाला दिसेल?"

"आपण एखाद्या साइटवर गेलो की ती ब्राउझरमध्ये आपली एक खूण ठेवून जाते. तीच कुकी. जाहिरातवाल्या कंपन्यांच्या खुणा तर कितीतरी साइटवर असतात. मग आपण दुसरीकडे कुठेही गेलो, अगदी शब्दकोड्यावरसुद्धा, की त्या ओळखतात, अरे, हा तोच, कॅन्सरचं वाचणारा. आणि तसल्या जाहिराती दाखवतात. नको म्हणायची सोय असते. पण विवेकनं सगळीकडे 'ॲक्सेप्ट ऑल' दाबलंय."

"स्वतःच्या नवऱ्याला एवढंही शिकवलं नाहीस तू?"

"आई, तो रडत वाचत होता. पट्टी समोर आली की जे हाताला लागेल ते दाबत होता."

अमरावतीला आमच्या आळीत एक बाई होती, एका घरातलं ऐकून दुसऱ्या घरात ओतायची. तिला निदान दारातून हाकलता यायचं.

इलानं सगळं पुसलं. कुकीज पुसल्या, विवेकचं अकाउंट काढून टाकलं, सेटिंगमध्ये जाऊन काय काय बंद केलं. "आता या टॅबवर जे शोधलं जाईल, त्यावरूनच जाहिराती येतील," म्हणाली. "पण पूर्ण थांबणार नाहीत हां. पट्टी परत परत येते. बाबांना सांगा, 'रिजेक्ट' दाबा म्हणून." आता ते कसं सांगणार? का म्हणून विचारलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी काही बोलले नाही.

पण पहारा ठेवला. रोज हे अंघोळीला गेले की मी टॅब उघडून तांदूळ निवडावेत तशी पानं निवडायची. बुटांची जाहिरात, राहू दे. अलास्काला सहलीला नेणारी बोट, राहू दे. दवाखान्याचा वास आला की फुली. फुली मारली की तो विचारतो, ही जाहिरात का नको? मी मनात म्हणे, तुझ्या तोंडात माती पडो म्हणून नको.

दिवाळी झाली. हे थकत चालले होते, पण स्वभाव एकदम मऊ झाला होता. जन्मभर ज्यांनी मिठावरून भांडण काढलं, ते पथ्याचं बेचव खाऊन "छान झालंय गं" म्हणायला लागले. "मार्चमध्ये अमरावतीला जाऊ," असं विवेक म्हणाला की "जाऊ की, घाई काय," म्हणायचे. मला हायसं वाटायचं. बाथरूममध्ये नळ सोडून मी पोटभर रडून घ्यायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची. जमलं बाई आपल्याला, असं वाटायचं. देवापुढे तसं बोललेसुद्धा.

मग फेब्रुवारीत नवीनच जाहिराती सुरू झाल्या. पार्सिपनीतल्या बायकांसाठी कार शिकवण्याचे क्लास. प्रौढांसाठी इंग्रजी संभाषण. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ महिलांनी गळ्यात घालायचं बटण, पडलात तर दाबा.

माझं डोकं फिरलं. एकट्या राहणाऱ्या? म्हणजे हे गेल्यावर मला वेगळं काढायचा बेत शिजतोय तर! अजून माणूस डोळ्यांसमोर आहे आणि इकडे सुनेनं माझी व्यवस्था लावायला घेतली! दुसऱ्या मंगळवारी मी इलाला धरलं. "स्पष्ट सांग. मला कुठे ठेवणार आहात? गळ्यात बटण बांधून?"

तिला आधी काही कळेना. मग तिनं टॅब हातात घेतला, खालीवर केलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, हे मी नाही शोधलं. विवेकनंही नाही. आमचं यावर आता काहीच नाहीये. हा टॅब फक्त बाबा वापरतात."

"ह्यांना काय करायचंय कार शिकून?"

मीटिंग आहे म्हणत ती वर निघून गेली. मला वाटलं, सुटका करून घेतेय. मी तणतणत टॅब घेऊन बसले, एकेका जाहिरातीवर फुली मारत. तेवढ्यात एक वर आली. बरणीचं झाकण उघडायचं यंत्र. बोटांत जोर नसेल तर, एका हातानं, सहज.

माझी बोटं लग्नानंतर चार-पाच वर्षांतच वाकडी झाली, सांधेदुखीनं. लोणच्याची बरणी असो की सॉसची बाटली, मी ती ह्यांच्यापुढे नेऊन धरायची आणि हे पेपरातून मान वर न करता उघडून द्यायचे. इलाला हे ठाऊक नाही. विवेकलाही नसेल. घरात ती बरणी उघडणारा माणूस एकच.

कर्मा माझ्या! मी तशीच उठले.

हे खिडकीशी आरामखुर्चीत होते, अंगावर माझीच शाल. बाहेर बर्फाचे ढिगारे काळे पडून वितळत होते. मी टॅब त्यांच्यापुढे धरला.

"अहो, हे काय आहे?"

"काय असणार? जाहिरात."

"तुम्ही शोधलंत."

ह्यांनी चष्मा काढला. "ते निळं वालं चांगलं आहे म्हणतात. मागवायचंच होतं, पण कार्ड विवेकचं, त्याला कळलं असतं."

"कधी कळलं तुम्हाला?"

"दिवाळीच्या आधी. शब्दकोडं उघडलं की खाली तेच, तेच. आधी वाटलं, ही अमेरिका आहे, इथे सगळ्यांनाच घाबरवून माल विकतात. शंका होती नुसती. मग एक दिवस उठून बघतो तर सगळं गायब! बूट आणि बोटी. त्या दिवशी खात्री पटली." हे किंचित हसले. "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का लतिका?"

मला इतका संताप आला! "मग बोलला का नाहीत? आम्ही इथे जीव मुठीत धरून, एकेक जाहिरात पुसत, आणि तुम्ही गंमत बघत बसला होता?"

"गंमत?" ह्यांचा आवाज चढला, आणि मग खोकला आला. पाणी दिलं. मग हळूच बोलायला लागले. "विवेक मला चोरदारानं नेतो. गाडीत गाणी लावतो आणि डोळे पुसतो. तू नळ सोडतेस. तुम्हा सगळ्यांची एवढी मेहनत चालली होती मला कळू नये म्हणून, ती कुठल्या तोंडानं मोडू? अमरावतीला जायचं होतं गं मला. ऑक्टोबरात जाता आलं असतं, चालत होतो तेव्हा. पण आत्ताच चला म्हटलं असतं, तर का म्हणून विचारलं असतंत. आणि मग तुम्हाला खरं बोलावं लागलं असतं. राहू दे म्हटलं."

मी तोंडात पदर कोंबला. आता विमानात बसायची परवानगीच डॉक्टरीणबाई देणार नव्हत्या, हे मला माहीत होतं. ह्यांनाही माहीत असणार.

"तुम्ही तिघं एकमेकांपाशी रडता," हे म्हणाले. "मी कुणापाशी रडू? दुखणं माझं, आणि त्यावर बोलायची चोरी मलाच."

मी ह्यांचे पाय धरले. किती बारीक झाले होते ते पाय, मी रोज तेल लावत होते तरी आजच दिसले. हे मला नको, ऊठ, म्हणाले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले आणि मग म्हणाले, "एक काम कर माझं. तू सांग मला."

"काय सांगू?"

"तेच. मला अजून कुणी सांगितलेलंच नाही. या डबड्यानं सांगितलं, माणसानं नाही. तुझ्या तोंडून ऐकू दे एकदा."

"अहो, नका हो असं करू."

"सांग."

मी तोंड उघडलं की नुसता हुंदका यायचा. शेवटी ह्यांचा हात घट्ट धरला आणि सांगितलं. "अहो, तुम्हाला कॅन्सर झालाय. स्वादुपिंडाचा. यकृतात पसरलाय. औषध नाही आता. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंतच."

हे ऐकत होते, मान हलवत, एखाद्यानं पत्ता सांगावा तसं. मग इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा हा माणूस माझ्यासमोर रडला. मीही रडले. नळ न सोडता.

वरून इला जिन्यात येऊन उभी राहिली होती. ती विवेकला फोन लावत होती, ये म्हणून.

हे शांत झाले तेव्हा मी ह्यांचं तोंड पुसलं. हे माझ्याकडे लहान मुलासारखे बघत होते. म्हणाले, "दुखेल का गं फार?"

डॉक्टरीणबाईंना आम्ही किती दिवस उरलेत ते विचारलं होतं. काय खायला द्यायचं, कुठे चाचणी चालू आहे, ह्यांना कळू कसं द्यायचं नाही, तेही विचारलं होतं. दुखेल का, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. ते विचारणारा माणूस आम्ही दाराबाहेर खुर्चीवर बसवून ठेवला होता.