खोट्या सेनापतीचा कोट

मी एक जुना फौजी कोट आहे, मित्रांनो. पण मी एकही दिवस कुठल्या फौजेत नव्हतो. माझ्या छातीवर पदकांची भरगच्च ओळ आहे आणि ती सगळी पदकं बिस्किटांच्या डब्यांची झाकणं ठोकून केलेली आहेत. माझ्या बाहीवर रुपेरी दोऱ्याने एक पक्षी भरला आहे. तसा पक्षी जगात कुठेच उडत नाही. तरीही मला समोर पाहिलंत तर तुमचे खांदे आपोआप मागे जातील. जाऊ द्या, त्यात लाजायचं काही नाही. सगळ्यांचेच जातात.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. त्यांना सगळे मास्तर म्हणत. चित्रकथेच्या पुस्तकावरून एक मोठा सिनेमा निघत होता आणि त्यातल्या दुष्ट सेनापतीसाठी कोट हवा होता. वेषभूषेच्या बाई कागदावर चित्र काढून घेऊन आल्या, त्यांच्याबरोबर दिग्दर्शकही आला.

"हा कुठल्याच देशाचा वाटायला नको," बाई म्हणाल्या. "पण बघताक्षणी कळलं पाहिजे, हा हुकूम सोडणारा माणूस आहे."

"दुष्ट आहे ना? मग जरा ओंगळच करू. भडक अस्तर, वेडेवाकडे खांदे," मास्तर म्हणाले.

"छे हो! देखणा हवा," दिग्दर्शक म्हणाला. "नायकापेक्षा देखणा. पोरांना भीती वाटली पाहिजे, पण नजर हटता कामा नये."

मास्तरांनी मग सगळं कसब पणाला लावलं. दाट काळं लोकरी कापड घेतलं. पाठीचा भाग मुद्दाम अरुंद बेतला, म्हणजे घालणाऱ्याची छाती पुढे यावी. कॉलरमध्ये बकरमाचे, म्हणजे खळ दिलेल्या ताठ कापडाचे, थर घातले आणि ती हनुवटीच्या खाली अशी उभी केली, की मान खाली घालताच येऊ नये. सेनापती कुणापुढे वाकत नाही, असं बाईंनी बजावलं होतं. त्यामुळे मला घातलेल्या माणसाला दूरचं सगळं दिसतं, पायाजवळचं मात्र काही दिसत नाही.

शिवून झाल्यावर मास्तरांनी मला स्वतःच्या अंगावर चढवून आरशात पाहिलं. तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली. रोज ती आत येऊन कपाटाला टेकायची आणि दोन गोष्टी सांगायची. त्या दिवशी ती उंबऱ्याशीच थांबली, कप खाली ठेवला आणि पाऊल न वाजवता निघून गेली. मास्तरांनी घाईघाईने मला उतरवलं. पुन्हा काही त्यांनी मला अंगाला लावलं नाही.

सिनेमात मला ज्या नटाने घातलं तो अगदी साधा, पित्ताने बेजार झालेला म्हातारा होता. मला घालून तो पहिल्या दिवशी बाहेर आला आणि गप्पा मारणारे कामगार बोलता बोलता थांबले. मैदानात जमावातली माणसं सैनिकांच्या वेषात रांगेने उभी होती. दृश्य संपलं, दिग्दर्शक "कट" म्हणाला, तरी ती हलेनात. तो नट त्यांच्यासमोरून चालत तंबूत जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली. तेव्हा सगळे खूप हसले. हसून झाल्यावर मात्र कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

आता नायकाबद्दलही सांगायला हवं. त्याचा पोशाख पिवळा, चकचकीत आणि अंगाला घट्ट. त्याची पाठीवरची चेन दर दृश्याला अडकायची आणि दोन माणसं लागायची ती ओढायला. शेवटी तोच जिंकतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सेनापती आगीत पडतो, कोट जळून खाक होतो. जळला तो माझ्यासारखा दिसणारा एक स्वस्तातला कोट. मी तेव्हा हँगरवर निवांत होतो. थिएटरात शेवटाला टाळ्या पडल्या, पण मी पायऱ्या उतरत येतो त्या पहिल्या दृश्याला जी शिट्टी पडायची तिची सर त्या टाळ्यांना नव्हती. तुमच्यासारखीच मुलं शिट्टी मारायची.

सिनेमा उतरला आणि कंपनीने सगळं सामान विकून टाकलं. पिवळ्या पोशाखासकट मी एका भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानात आलो. दुकान नवरा-बायकोचं होतं. नवरा इतका मऊ स्वभावाचा, की गिऱ्हाईक काहीही बोललं तरी त्याचं उत्तर एकच, "चालेल." त्यामुळे गल्लीत त्याचं नावच चालेलभाऊ पडलं होतं. परीचे पंख मोडून आणले, चालेल. राजाची मिशी हरवली, चालेल. बायको मागे बसून उसवलेलं शिवायची आणि त्याच्या नावाने कपाळाला हात लावायची. त्यांना सहा वर्षांची एक मुलगी होती. ती उठल्यापासून झोपेपर्यंत बोलत असायची, म्हणून घरात तिला भुंगी म्हणत.

तिथे मला मानाची जागा मिळाली, अगदी दारासमोर. पिवळा पोशाख माझ्या शेजारी टांगलेला असे, पण त्याला कुणी विचारेना. वाढदिवसाला मी, दुकानाच्या उद्घाटनाला मी, फोटो काढायला मी. लोक मला परत द्यायला नेहमी उशीर करायचे आणि देताना बाहीवरून एकदा हात फिरवायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एकदा माझ्या काखेतली शिवण उसवली. भुंगीच्या आईने ती शिवली आणि ताण बसतो का ते पाहायला चालेलभाऊंनी मला अंगात घातलं. नेमका तेव्हाच भाड्याचा पोशाख परत करायला एक माणूस आला. त्याने अस्वलाचा पोशाख आणला होता, पण अस्वलाचं डोकं गायब. वर तोच तावातावाने बोलत आत शिरला. समोर मी दिसताच तो दोन पावलं मागे सरला.

"डोकं?" चालेलभाऊंनी एवढंच विचारलं.

"घरी राहिलंय. आत्ता आणतो, साहेब," तो म्हणाला आणि खरंच पळत जाऊन घेऊन आला.

भुंगी पोट धरून हसली. "बाबा, हे पदक कशाबद्दल मिळालं?"

"हे? बिस्किटाच्या डब्याला हरवलं ना, त्याबद्दल!"

त्या दिवशी तिघंही हसली. पण चालेलभाऊंनी मला लगेच उतरवलं नाही. दुसऱ्या दिवशीही गल्ला उघडायच्या आधी त्यांनी मला चढवलं.

"अहो, ठेवा तो जागेवर. घामाने अस्तर खराब होईल," बायको म्हणाली.

"राहू दे गं. गिऱ्हाईक कसं नीट बोलतंय बघ."

आणि खरंच बोलत होतं. पोशाख वेळेवर परत येऊ लागले. रस्त्यात गाड्या थांबून त्यांना वाट देऊ लागल्या. चालेलभाऊंची पाठ जन्मात पहिल्यांदा ताठ झाली. थोड्या दिवसांनी भुंगीने पुन्हा पदकाचं विचारलं, तेव्हा त्यांनी तिला एका किल्ल्याच्या लढाईची गोष्ट सांगितली. त्यात तटबंदी होती, धूर होता, शरण आलेली माणसं होती. आपल्या मनाने रचताहेत असं भुंगीला वाटलं, म्हणून ती मध्येच हसली. ते हसले नाहीत. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "फार प्रश्न विचारायचे नाहीत."

मग ते मला घरीही घालून बसू लागले. जेवताना मान वाकत नसे, म्हणून ताट हातात उंच धरून जेवायचे. दारातल्या चपला रांगेत लागल्या. भुंगीचा अभ्यास वेळेवर व्हायला लागला. ती जेवताना शाळेतलं सांगायची ते आधी कमी झालं, मग थांबलं. विचारलं तर "हो, बाबा" म्हणायची आणि पुन्हा ताटात बघायची. एकदा तर तिच्या तोंडून "हो, साहेब" निघून गेलं. चालेलभाऊंनी ते सुधारलं नाही.

"खरं सांगू?" भुंगीची आई एकदा आपल्या बहिणीला म्हणाली. "घर शिस्तीत आलंय. पोरगी हट्ट करत नाही, हे आवाज चढवत नाहीत. तक्रार करायची तर कशाची करू? पण दिवसभर कानांत दडे बसल्यासारखं वाटतं बघ."

मला तेव्हा तिची कीव आली नाही. मी छान दिसत होतो.

शाळेत मुलांच्या वेषभूषेचा कार्यक्रम होता. बरेचसे पोशाख आमच्याच दुकानातून गेले होते. कुणी डॉक्टर, कुणी फुलपाखरू, एक गोलमटोल टोमॅटो, आणि आमची भुंगी ससा. पांढरे मऊ कपडे, डोक्यावर दोन कान. चालेलभाऊ अर्थातच मला घालून आले होते. सभागृहात आम्ही शिरलो आणि मुलांचा गलका कुणी झाकण लावावं तसा बंद झाला. शिक्षिका सकाळपासून ओरडून ओरडून थकल्या होत्या, त्या चकित होऊन बघत राहिल्या.

फोटोग्राफर जवळ आला. "साहेब, जरा यांना उभं करता का? माझं कुणी ऐकेना."

"रांग," चालेलभाऊ म्हणाले. मुलं रांगेत उभी राहिली. "हलायचं नाही."

फोटो निघाला. "झालं बरं का, पळा!" फोटोग्राफर म्हणाला. पण एकही मूल हललं नाही. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते आणि सगळी चालेलभाऊंच्या शब्दाची वाट पाहत होती. चालेलभाऊ काही बोलले नाहीत. त्यांची छाती आतून माझ्या अस्तराला भिडत होती, ती हळूहळू भरत गेल्याचं मला कळलं. शिक्षिका हसून एकमेकींना म्हणाल्या, "बघा, किती गुणी झालीत!" मग त्याही गप्प झाल्या. वरच्या पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती.

माझी वरची बटणं दूर बघतात, पण खालची बटणं तुमच्या उंचीची आहेत. त्यांना भुंगी दिसली. तिने गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवले होते. ओठ "बाबा" असे हलले, पण आवाज निघाला नाही. हलायचं नाही, असं बाबांनी सांगितलं होतं. मग तिच्या पांढऱ्या पायजम्यावरून एक ओली रेघ खाली उतरत गेली. शेजारच्या टोमॅटोने ती पाहिली आणि पुन्हा समोर बघितलं. भुंगी हनुवटी वर करून तशीच उभी होती. गालांवरून पाणी वाहत होतं, तेही तिने पुसलं नाही.

चालेलभाऊंना यातलं काहीच दिसलं नाही. त्यांना मुलांच्या डोक्यांची सरळ रांग दिसत होती.

भुंगीच्या आईला दिसलं. ती खुर्च्यांमधून वाट काढत धावत आली.

"रांग मोडायची नाही," चालेलभाऊ म्हणाले.

आणि मित्रांनो, ती थांबली. स्वतःची मुलगी दोन पावलांवर रडत असताना ती आई एक पाय पुढे टाकून जागच्या जागी थांबली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. सभागृहातल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मात्र सांगतो.

मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अहो, ती आपली भुंगी आहे."

चालेलभाऊंनी खाली बघायचा प्रयत्न केला. कॉलरने हनुवटी अडवली. त्यांनी गळ्याशी बोटं घातली, पण हूक निघेना. त्यांनी ओढलं, पुन्हा ओढलं. हूक कापडासकट फाटून आला आणि त्यांची मान एकदम खाली गेली. तेव्हा त्यांनी पाहिलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी कधी विसरणार नाही. बटणं तोडत त्यांनी मला अंगावरून ओरबाडून काढलं, गुडघ्यांवर बसले आणि भुंगीला माझ्यात गुंडाळलं. "माझं चुकलं, बाळा, माझं चुकलं," एवढंच ते म्हणत राहिले. तिचे ओले पाय माझ्या अस्तराला लागले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी थंडीवाऱ्याचा कोट म्हणून मला वापरत होतं.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं.

रांग अजून उभीच होती. जमिनीवर बसून रडणाऱ्या, घामेजलेल्या माणसाकडे कुणी बघत नव्हतं. सगळे डोळे माझ्याकडे होते आणि मी आता भुंगीच्या अंगावर होतो. बाह्या जमिनीवर लोळत होत्या, कॉलर कानांच्याही वर गेली होती. भुंगीने हुंदका गिळला. तिने त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बसा."

सगळी मुलं बसली. टोमॅटोला बसता येत नव्हतं, तोही कसाबसा बसला. एका शिक्षिकेने न बघता मागे हात नेऊन खुर्ची चाचपली.

भुंगीचं रडं थांबलं. "उभे राहा," ती म्हणाली. सगळी उभी राहिली, आणि ती किंचित हसली. आईने त्याच क्षणी मला तिच्या अंगावरून उचललं, उलटं केलं आणि काखोटीला मारलं.

आता मी दुकानातल्या पत्र्याच्या पेटीत असतो, डांबरगोळ्यांच्या वासात. चालेलभाऊ पुन्हा थोडे वाकले आहेत आणि पुन्हा सगळ्याला "चालेल" म्हणतात. माझी चौकशी अजून होते. "नाही देत," ते सांगतात. "फाटलाय का?" "नाही हो, चांगला आहे. म्हणूनच नाही देत." भुंगीच्या आईने मला उसवून टाकायचं ठरवलं होतं. ती कात्री घेऊन बसली, कॉलरची शिवण बोटांनी चाचपली, आणि "काय सुरेख काम आहे," असं स्वतःशीच म्हणाली. मग तिने कात्री ठेवून सुई घेतली आणि तो तुटलेला हूक आणि तुटलेली बटणं पुन्हा जागेवर शिवून टाकली. भुंगी आता पुष्कळ बोलते. पण दुकानात कुणी नसलं, की ती पेटीजवळ येऊन उभी राहते आणि काहीच बोलत नाही.

जुने कपडे शेवटी सांगतात तेच मीही सांगणार होतो, की मला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, जपा. आता तसं म्हणवत नाही. मला नका जपू, भुंगीला जपा. आणि माझ्यात काही जादू आहे, असंही समजू नका. ती "बसा" म्हणाली तेव्हा माझा एक धागासुद्धा हलला नव्हता. मी नुसतं कापड आहे, मित्रांनो. बसलात ते तुम्ही.