फिलभाईंची बरसी

दादामियाँचं येरवड्यात आरसे कापायचं दुकान. चाळीस वर्षं त्यांनी सलूनांना आरसे बसवले. पण त्यांची नात जोया काळं बेस गिटार घेऊन आली आणि नाना, ह्याच्यावर आरसा बसवून द्या म्हणाली, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "का गं, ह्याची दाढी करायचीय का?"

जोयानं मोबाइलवर फोटो दाखवला. आयर्लंडचा फिल लायनट. गायचा आणि हेच चार जाड तारांचं बेस वाजवायचा. बाप गयानाचा काळा माणूस, पोराला वाढवलं आजीनं. तिथल्या गोऱ्या गावात हा पठ्ठ्या बँडच्या पुढं उभा राहिला. बेसवर आरसा, त्यातून दिव्याचा कवडसा लोकांच्या तोंडावर मारायचा. छत्तीस वर्षांचा असताना गेला, चार जानेवारीला. आता गावात त्याचा पुतळा आहे आणि दर वर्षी त्या तारखेला लोक जमून त्याची गाणी वाजवतात. जोयाच्या बँडलाही तेच करायचं होतं, कात्रजला एका हॉलात.

पण हॉलवाल्या अनिरुद्धनं बजावलं होतं, सहा वाजता चाळीस माणसं दिसली नाहीत तर कार्यक्रम रद्द. आमच्याकडे पंखेसुद्धा माणसं मोजून लावतात.

ह्या सगळ्यातल्या दादामियाँच्या डोक्यात दोनच गोष्टी बसल्या. पोरगा आजीनं वाढवलेला, आणि चार तारखेला त्याची बरसी. जोयालाही त्यांनीच वाढवलेलं. मग बरसीला माणसं कमी पडतात म्हणजे काय? आरसा तर बसवलाच, वर गल्लीभर सांगून आले: फिलभाईंची बरसी आहे, टेम्पो केलाय, नंतर केशरी गोड भात.

शेजारच्या मदिनाबीनं विचारलं, तुमच्या नात्यात कोण लागायचे? लांबचे होते, म्हणाले.

सहाला हॉलात बासष्ट माणसं. टोप्या घालून, पदर घेऊन, खुर्च्या भिंतीला सरकवून सतरंजीवर बसलेली. अनिरुद्धनं दोनदा मोजली आणि भर जानेवारीत पंखे लावले.

पहिलं गाणं झालं. हॉल चिडीचूप. दुसरं झालं. मदिनाबीनं डोळे पुसले. बरसीला टाळ्या कोण वाजवतं? पण जोयाला वाटलं, आपण पार आपटलो. ती बेसचा पट्टा खांद्यावरून उतरवायला लागली. दादामियाँना कळलं. माणसं आपणच आणली आणि पोरीचा कार्यक्रमही आपणच पुरला.

ते उठले. "ऐका. गेलेल्या माणसाला गप्प बसलेली माणसं आवडायची नाहीत. टाळ्या पडल्याशिवाय भाताच्या देगीचं झाकण निघणार नाही."

मग काय विचारता. तिसऱ्या गाण्याला टोप्या हलल्या, चौथ्याला नाचणाऱ्या पायांखाली सतरंजी गोळा झाली. जोयानं बेस वळवलं तसा कवडसा बासष्ट चेहऱ्यांवरून फिरला, आणि मदिनाबीनं त्या उजेडात पदर नीट केला.

शेवटी अनिरुद्ध भाताची दुसरी प्लेट घेऊन आला. "पुढच्या वर्षी चार तारीख तुमच्यासाठी धरू ना?"

"धरा," दादामियाँ म्हणाले. "फक्त पंखे नकोत. भात गार होतो."