कपाटामागचा बांबू

मी बांबू बोलतोय. कपडे वाळत घालायचा बांबू. माझं एक टोक पांढरं आहे, ते बघून हसू नका. त्याचीच ही गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला अजून चीड येते.

मलेशियातल्या जोहोरच्या एका उतारावर मी वाढलो. मग लॉरीतून सिंगापूरला आलो आणि क्वीन्सटाउनमधल्या एका ब्लॉकखालच्या, म्हणजे उंच इमारतीखालच्या, दुकानाबाहेर भिंतीला टेकून उभा राहिलो. नव्वद साली सुमित्रा आली. तिचा नवरा शामकांत बोटीवर मरीन इंजिनियर. त्यांनी त्याच ब्लॉकात वरच्या मजल्यावर नुकताच फ्लॅट घेतला होता. तिने मला फरशीवर आपटलं, आवाज ऐकला आणि म्हणाली, "हाच द्या."

इथे कपडे दोरीवर वाळत नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, भिंतीत लोखंडी नळ्या बसवलेल्या असतात. शर्टाच्या बाह्यांमधून मला ओवायचं, ओल्या कपड्यांनी जड झालेल्या मला खिडकीतून बाहेर ढकलायचं आणि माझं बूड त्या नळीत बसवायचं. पहिल्या दिवशी सुमित्राच्या हातून मी सटकतच होतो.

"अगं, सांभाळ! कुणाच्या डोक्यात पडला तर मला तुरुंगात पाठवशील!"

"मग तुम्हीच घाला की. इंजिनियर ना तुम्ही?"

इंजिनियरसाहेबांनी घातला. त्यांचाच टॉवेल खाली गेला आणि पुन्हा कधी सापडला नाही. त्यानंतर शामकांत माझ्या वाटेला गेला नाही. सुमित्रा मात्र इतकी तयार झाली, की एका हाताने मला बाहेर सरकवायची आणि दुसऱ्या हाताने आमटी ढवळायची. तिच्या सुती साड्या दुहेरी घडी करून माझ्यावर पसरायची. स्वयंपाकघर पश्चिमेला. दुपार झाली की ऊन असं यायचं की चहाच्या वेळेला साड्या कडक वाळलेल्या असायच्या.

अठ्ठ्याण्णव साली शामकांतच्या कंपनीने इथलं काम आवरतं घेतलं. त्याला मुंबईत किनाऱ्यावरची नोकरी मिळाली आणि तो लगेच गेला. मुलीची, तन्वीची, ठाण्यातली शाळा जूनमध्ये सुरू होणार होती. तिकडचं घर इकडच्या पैशांतून घ्यायचं होतं, त्यामुळे हा फ्लॅट विकल्याशिवाय मायलेकींना हलता येईना. मंदीचे दिवस, एजंट परवडणारा नव्हता. तन्वीने 'फ्लॅट विकणे आहे' असा कागद खाली लिफ्टजवळ लावला. आणि मग प्रबोध आला.

प्रबोध म्हणजे शामकांतचा पुण्याचा मित्र. आयटीत मॅनेजर, इथल्या एका महागड्या कॉन्डोत राहणारा. त्याने आयुष्यात एकही घर विकलं नव्हतं, पण कसं विकायचं ते त्याला सगळं ठाऊक होतं.

"वहिनी, घरात माणसं राहतात असं वाटताच कामा नये," तो म्हणाला.

"मग आम्ही कुठं जायचं, भाऊजी?"

"तसं नाही हो. तोरण काढा. देवघर कपाटात ठेवा. उदबत्ती बंद, फोडणी तर एकदम बंद. आणि हा बांबू आधी आत घ्या, किती गबाळं दिसतं! पश्चिमेचं ऊन हा फ्लॅटचा मोठा दोष आहे. गिऱ्हाईक फक्त संध्याकाळी बोलवा. पडदे ओढलेले हवेत."

मी गबाळा! ज्या उन्हाने आठ वर्षं या घराचे कपडे वाळवले, ते दोष! मला बोलता आलं असतं तर तिथेच बोललो असतो.

पुढचं अधिक वाईट. रंगारी परवडेना म्हणून रोलर आणला, आणि छताला हात पोचेना म्हणून तो परकराच्या नाडीने माझ्या टोकाला बांधला. मायलेकींनी सगळं घर पांढरं केलं. दवाखान्यासारखं. रंग माझ्या अंगावरून ओघळला आणि तसाच वाळला. काम झाल्यावर मला कपाटामागे उभं केलं.

कपडे आता आतल्या खोलीत, बंद खिडकीशी, खुर्च्यांच्या पाठींवर वाळायचे. म्हणजे वाळायचेच नाहीत.

"आई, माझा युनिफॉर्म स्टिंक करतो, लाह!" तन्वी इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली. "बसमध्ये कुणी शेजारी बसत नाही."

"थोडे दिवस काढ गं."

"आणि आजपण ब्रेड? वी आर नॉट सिक, ओके?"

लोक येत. कपाटं उघडत, भिंतींवर टकटक करत, नाकाने हवा हुंगत. एकाने विचारलं, "यू कुक करी?"

"लिटल," सुमित्रा म्हणाली.

लिटल! जिच्या फोडणीचा ठसका लिफ्टपर्यंत जायचा, ती मान खाली घालून 'लिटल' म्हणाली. रागाने आपटून पडावं, तर कपाटामागे तेवढी जागाही नव्हती.

आलेली माणसं पांढऱ्या भिंती बघत आणि तशाच कोऱ्या चेहऱ्याने परत जात. त्यांचं काय चुकलं? बघायला काही ठेवलंच नव्हतं. महिना गेला, मग आणखी काही आठवडे. फोनवर शामकांत विचारायचा, "झालं का?" आणि सुमित्रा म्हणायची, "होईल." फोन ठेवला की ती खुर्च्यांवरचे ओले कपडे उलटे करायची.

एका शनिवारी तन्वीने ओला युनिफॉर्म जमिनीवर फेकला आणि रडायला लागली. सुमित्रा उठली. पडदे सरकवले, खिडकी उघडली, कढई चढवली आणि मोहरी टाकली. मग कपाटामागे हात घातला.

"आई, प्रबोधकाका ओरडतील."

"ओरडू दे. त्यांना म्हणावं, आधी तुम्ही ओले कपडे घालून दाखवा."

तिने माझ्यावर साड्या, युनिफॉर्म, चादरी, जे हाताला लागेल ते चढवलं आणि मला खिडकीबाहेर सारलं. ऊन अंगावर आलं. अहाहा!

चहाच्या वेळेला दार वाजलं. समोरच्या ब्लॉकातल्या एक चिनी आंटी होत्या. नुसती तोंडओळख. मोडक्या इंग्रजीत त्या तावातावाने म्हणाल्या, "तू अजून इथेच? मी कागद वाचला, विचारायला येणार तर तुझा बांबूच गायब! म्हटलं, गेली, फ्लॅट विकला. आज बघते तर लांब कापड पुन्हा बाहेर!"

"साडी, आंटी."

"यस, साडी. माझं स्वयंपाकघर तुमच्या ब्लॉकच्या सावलीत. कपडे दोन दिवस वाळत नाहीत, वास येतो. इतकी वर्षं तुझ्या खिडकीकडे बघते. सकाळी ओलं, दुपारी ड्राय. सो फास्ट!"

त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या. खिडकीतून वाकून तन्वीचा युनिफॉर्म चाचपला, नाकाशी धरला. मग कढईत डोकावल्या. "स्मेल गुड." बाकीचं घर त्यांनी जाता जाता बघितलं. पांढऱ्या भिंतीपाशी थांबून म्हणाल्या, "ही मी तोडणार. बाकीचं हिरवं करणार. बांबू ठेवून जा हं."

विकला गेला फ्लॅट. प्रबोध पेढे खाऊन म्हणाला, "बघा वहिनी, रंग दिला म्हणून झालं!" सुमित्राने त्याला आणखी एक पेढा दिला. मी तिच्या जागी असतो तर दिला नसता.

पण फुकट गेलेले ते आठवडे कोण परत देणार? कागदपत्रं होईतो ठाण्याची शाळा तन्वीविना सुरू झाली. निघायच्या दिवशी सुमित्राने माझं टोक रॉकेलने घासलं. निघेना. मग आदल्या रात्री नेसलेली साडी धुऊन तिने माझ्यावर पसरली, वाळेपर्यंत खिडकीशी उभी राहिली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि माझ्यावरून एकदा हात फिरवून गेली.

आता माझ्यावर आंटींचे फुलाफुलांचे पायजमे वाळतात. भिंती हिरव्या आहेत. पांढरं उरलंय ते फक्त माझं टोक.

तुम्हीही कधी घर विकायला काढाल. रंग जरूर द्या. पण मला कपाटामागे घालू नका. खिडकी उघडा, चार ओले कपडे बाहेर टाका, आणि गिऱ्हाइकाला म्हणावं, दुपारी या.