वहिनींच्या पडवीतली करवत

मित्रांनो, मी एक जुनी साखळी-करवत आहे. पेट्रोल पिणारी, ओंडके कापणारी आणि आवाजाने शेजारपाजार जागा करणारी.

माझा मालक लाकूडतोड्या होता. काम आटोपलं की तो आधी मला पुसायचा, साखळीच्या एकेका दाताला कानस लावायचा आणि मगच स्वतःचे हातपाय धुवायचा. त्याची बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून हसत म्हणायची, ही तर माझी सवतच. पुढे मालक आजारी पडला आणि गेला. मी पडवीत पोत्याखाली पडून राहिले. पोटातलं पेट्रोल आटून चिकट झालं आणि माझी वाचाच बसली.

मग एका संध्याकाळी मालकाचा धाकटा भाऊ आला. तो शिंपी. शिवणयंत्र डोळे मिटून खोलणारा, त्यामुळे मला वठणीवर आणणं त्याला डाव्या हातचा मळ वाटला. सरपणासाठी वहिनींना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

पण कसलं काय! मला सुरू करायच्या दोरीचं झाकण उघडताच आतली स्प्रिंग सापासारखी उसळून बाहेर आली. ती पुन्हा गुंडाळून बसवता बसवता त्याची बोटं सोलवटली. सगळं जोडून झालं की एखादा स्क्रू हातात उरायचाच. तो कुठला हे मला ठाऊक होतं, पण सांगू कशी? रोज संध्याकाळी दोरी ओढून ओढून त्याचा खांदा भरून यायचा. मी नुसती खोकायचे. तो वैतागून पाना भिरकावायचा, आणि थोड्या वेळाने मुकाट्याने उचलून आणायचा. दुकानात टाका, असं लोक सुचवायचे. दादाची वस्तू परक्याच्या हाती देणार नाही, हे त्याचं ठरलेलं उत्तर. वहिनी खिडकीशी धान्य निवडत बसायच्या आणि बघत राहायच्या.

अखेर एक दिवस माझा घसा मोकळा झाला. मी गुरगुरले! त्याने घाईघाईने साखळी चढवली आणि स्वारी खुशीत घरी गेली.

दुसऱ्याच दिवशी वादळ झालं. अंगणातलं झाड मोडून दारावर आडवं पडलं. वहिनी आत अडकल्या. खिडक्यांना गज, वर छपराचा वासा करकरतोय. शिंपी धावत आला, त्याने मला उचललं. मी पहिल्याच ओढीला सुरू झाले. पण लाकूड काही कापेना, नुसता धूर निघू लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

तेवढ्यात खिडकीतून शांत आवाज आला. “भाऊजी, आधी ती बंद करा. साखळी उलटी बसलीय. वरचे दात तुमच्याकडे बघताहेत, ते पुढे बघायला हवेत.”

त्या सांगत गेल्या, तो तसं करत गेला. मग मात्र मी त्या लाकडातून सरसर उतरले. खोड तुटून बाजूला पडलं, दार उघडलं.

“वहिनी, तुम्हाला हे कधी कळलं?” त्याने विचारलं.

“काल तुम्ही बसवलीत तेव्हाच.” त्या पायरीवर टेकल्या. “म्हटलं, उद्या बिघडलीच, तर परत याल. तुमची खाटखूट चालू असली की घर भरल्यासारखं वाटतं हो.”

 दुसऱ्या संध्याकाळी शिंपी नेहमीच्या वेळी हजर झाला. मला काहीएक झालेलं नव्हतं. तरी त्याने मला पडवीत मांडलं आणि खोलायला घेतलं.

मित्रांनो, घरातल्या यंत्रांना वेळच्या वेळी पुसा, तेल द्या. पडून राहिलं की लोखंडही गंजतं. आणि माणसांकडे जायला मात्र काही बिघडण्याची वाट पाहू नका.